तेरा बोल्टांचं दार

माझे वडील दापोडीला एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होते. गॅस्केट हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ते पॅकिंग म्हणत. इंजिनाच्या पोटाखाली तेल धरून ठेवणारं पत्र्याचं भांडं म्हणजे चेंबर. रात्री जेवताना आईला सांगायची बातमी अशी असे : ‘आज बेडफर्डचं चेंबर उतरवलं. पॅकिंग पार करपलं होतं.’ आई भात वाढता वाढता ‘मग?’ म्हणे, शेजारच्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं.

रविवारी ते घरी पॅकिंग कापत. कुणाच्या विहिरीवरच्या पंपाचं, कुणाच्या मोटरसायकलचं. कात्री क्वचितच लागे. बिडाच्या तोंडावर जाड कागद किंवा बुचाची शीट अंथरायची, डाव्या पंजानं दाबून धरायची आणि बॉलपेन हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके देत जायचं. बिडाची धारच शीट कापते. बोल्टाच्या भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवून एक ठोका दिला की गोल चकती सुटून खाली पडे. चकत्या गोळा करणं माझं काम.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुचाची दोन उंच झाडं होती. पावसाळा सरला की पहाटे खाली पांढऱ्या फुलांचा सडा पडे आणि आम्ही लांब देठांच्या पिपाण्या वाजवत फिरायचो. बसच्या चेंबरला लागणारी शीट याच झाडांच्या सालीची होते अशी माझी पक्की समजूत होती. वडिलांनीही ती खोडली नाही, कारण त्यांचीही तीच असावी. आपल्या बुचाच्या सालीपासून हलक्या प्रतीचं बूच निघतं हे खरं आहे, पण पॅकिंगचं बूच वेगळं. ते झाड मी पाहिलं तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो.

१९७१ साली मी डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकायला आलो. खिशात त्या काळच्या नियमाप्रमाणे मिळालेले ८ डॉलर होते. पुढे नोकरी लागली, लग्न झालं आणि १९७७ साली डेट्रॉइटच्या पश्चिमेला इप्सिलँटी गावात एक लहान लाकडी घर घेतलं. घराला गाडी उभी करायला सिमेंटची पट्टी होती. दुसऱ्या वर्षी त्या पट्टीवर १९७२ची शेव्हरोले नोव्हा आली, आधी दोन मालकांच्या हाताखालून गेलेली. महिन्याभरात पट्टीवर रोज सकाळी रुपयाएवढा लाल डाग दिसू लागला.

शेजारी एक निवृत्त कामगार राहत. त्यांचं कुटुंब दुसऱ्या महायुद्धात केंटकीहून विलो रनच्या कारखान्यात विमानं बांधायला आलं, ते इथलंच झालं. त्यांनी डागात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, ‘हे इंजिनाचं नव्हे. ट्रान्समिशनचं. पॅन गळतोय.’ स्वयंचलित गिअरच्या तेलात लाल रंग मिसळतात तो याचसाठी, गळती इंजिनाची की गिअरची हे ओळखता यावं म्हणून. मला इतकंच कळलं की हे चेंबर आहे आणि त्याचं पॅकिंग गेलंय. मी त्यांना म्हटलं, मी करीन. ते म्हणाले, ‘करशीलच. ते एकच दार आपल्यासाठी ठेवलंय.’

हे वाक्य मी त्यानंतर पंचेचाळीस वर्षं वागवतो आहे. त्यामुळे त्या दाराचा मागचा पुढचा पत्ता शोधत राहिलो.

स्वयंचलित गिअरबॉक्स म्हणजे सामान्य माणसानं हात लावू नये अशा यंत्रांपैकी एक. आत एकमेकांभोवती फिरणारी दातेरी चाकं, तेलात भिजलेल्या क्लचच्या चकत्या, पट्टे, आणि त्यांना हुकूम देणारी व्हॉल्व बॉडी, म्हणजे वारुळासारख्या बारीक वाटांनी कोरलेला धातूचा ठोकळा. वाटांमधून तेल दाबानं पळतं आणि गिअर केव्हा बदलायचा हे तेलच ठरवतं. हे सगळं उघडायला खास हत्यारं आणि वर्षानुवर्षांचा हात लागतो. तळाचा पॅन मात्र तेरा बोल्ट सोडवले की कुणाच्याही हातात येतो. माझ्या गाडीत टर्बो हायड्रामॅटिक ३५० हे ट्रान्समिशन होतं. १९६९ मॉडेलपासून आलेलं, तीन गिअरांचं. त्याचा पॅन जवळजवळ चौकोनी, एक कोपरा कापलेला. तो कापलेला कोपरा पाहिला की अजून इथले जुने मेकॅनिक गाडीखाली न जाता वाकूनच नाव सांगतात.

असं दार ठेवण्याची रीत मात्र स्वयंचलित गिअरच्या आधीची आहे. हेन्री फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त निघालेल्या गाडीत, गिअर बदलायचे ते पायानं पट्टे आवळून. पट्ट्यांचं सुती अस्तर झिजे. ते बदलायला पायाशी फळी उचलली की खाली एक झाकण असे, स्क्रूंनी बसवलेलं. शेतकरी आपल्याच गोठ्यात ते उघडत, स्क्रू आत पडू नये म्हणून भोकात चिंध्या कोंबत. फोर्डचं माहितीपुस्तकही प्रश्नोत्तरांच्या रूपात होतं, गाडी घेणाऱ्यानंच ती सांभाळायची हे गृहीत धरून. त्या गाडीला नमद्याची, दाबलेल्या लोकरीची पॅकिंगं लागत. ती करण्यासाठी १९१८ साली शिकागोत एक कारखाना निघाला, फेल्ट प्रॉडक्ट्स. पुढे त्याचंच फेल-प्रो झालं. मी १९७९ साली आणलेलं पहिलं पॅकिंग त्याच नावाच्या पुठ्ठ्यात होतं.

क्लचचं पेडलच नसलेली, मोठ्या प्रमाणावर निघालेली पहिली गाडी म्हणजे १९४०च्या मॉडेलची ओल्ड्समोबिल. तिचं हायड्रामॅटिक जनरल मोटर्सनं १९३९ साली जाहीर केलं. किंमत ५७ डॉलर जादा. त्यामागे अर्ल थॉम्प्सन हा अभियंता होता. साध्या गिअरचा खरखराट बंद करणारी सिंक्रोमेशची युक्तीही त्याचीच. लगेच युद्ध लागलं आणि हायड्रामॅटिक हलक्या रणगाड्यांत गेलं. युद्ध संपल्यावर लोक ते इतकं मागू लागले की लिंकन, नॅश, हडसन अशा प्रतिस्पर्धी कंपन्याही ते विकत घेऊन बसवू लागल्या. रोल्स-रॉइसनं तर परवाना घेऊन स्वतः बनवलं.

माझ्या घरापासून वीस मैलांच्या आत लिव्होनिया आहे. तिथल्या हायड्रामॅटिकच्या कारखान्यात १२ ऑगस्ट १९५३ रोजी काय झालं ते मला शेजाऱ्यांकडून पहिल्यांदा कळलं आणि नंतर मी ग्रंथालयात बसून वाचलं. छतालगत एका पाइपचं काम गॅस कटरनं चाललं होतं. ठिणग्या उडाल्या त्या खालून जाणाऱ्या कन्व्हेअरच्या तळाशी लावलेल्या ताटात पडल्या. सुट्या भागांवरून ठिबकणारं तेल जमिनीवर सांडू नये म्हणून ठेवलेलं ते ताट. त्यातल्या तेलानं पेट घेतला. चौतीस एकरांचा कारखाना एकाच छपराखाली, मधे आग अडवणारी भिंत नाही, छपरावर डांबर. ते वितळून खाली गळू लागलं आणि सगळा कारखाना जळून गेला. माणसंही गेली. कारखान्यांत आगीच्या भिंती आणि छपरं कशी असावीत याचे अमेरिकेतले नियम त्या दिवसानंतर बदलले. मी गाडीखाली तेल धरायला ताट सरकवतो तेव्हा दर वेळी मला ते आठवतं, आणि जवळपास दिवा, बिडी, काहीही नाही ना हे मी दोनदा बघतो.

कंपनीनं मग विलो रनची मोठी इमारत घेतली. फोर्डनं युद्धात बी-२४ बॉम्बर बांधण्यासाठी उभारलेली. तिथून साडेआठ हजारांहून जास्त विमानं निघाली होती. तीन महिन्यांच्या आत त्याच फरशीवर ट्रान्समिशन तयार होऊ लागली. मधल्या काळात ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकनं ब्युइकचं डायनाफ्लो ट्रान्समिशन बसवून गाड्या विकल्या. माझ्या शेजाऱ्यांचा जन्मच जणू त्या फरशीवर गेला. आई विमानांना रिबिटं मारायला गेली, मुलगा ट्रान्समिशनला बोल्ट आवळायला. २०१० साली ते काम बंद पडलं. बंद पडलं त्या डिसेंबरात ते हयात नव्हते, याचं मला बरं वाटलं.

आता तेलाचं सांगतो. माझ्या मनाला सर्वांत लागलेली गोष्ट तीच आहे.

इंजिनाच्या तेलापेक्षा या तेलाला जास्त कामं. दाब पोहोचवायचा, थंडावा द्यायचा, चाकांना वंगण द्यायचं आणि क्लचच्या चकत्या एकमेकींना धरताना झटका बसू न देता हळुवार धरू द्यायचं. १९४९ साली जनरल मोटर्सनं या तेलासाठी टाइप ए नावाचा दर्जा ठरवला. हळुवारपणासाठी त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घातलेलं असे. त्या माशाच्या डोक्यातला तेलकट पदार्थ खरं तर द्रवरूप मेण असतो. उष्णतेनं, दाबानं तो लवकर बिघडत नाही. प्रयोगशाळेत तसं काही सहजी जमेना. म्हणजे १९५५ साली मिशिगनमधली एखादी गृहिणी पेडलशिवाय, धक्क्याशिवाय बाजाराला जाई, ती त्या माशाच्या जिवावर. १९७० साली अमेरिकेनं स्पर्म व्हेलला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याचं तेल देशात आणणं थांबलं. १९६७ साली आलेल्या डेक्सरॉन या तेलाच्या जागी १९७३च्या सुमारास डेक्सरॉन-२ आलं ते देवमाशाशिवाय. सुरुवातीच्या मिश्रणानं तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे सांधे खाल्ले, मग पुन्हा सुधारणा झाली. पर्याय शोधताना लोक ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या होहोबाच्या बियांपर्यंत गेले, कारण त्यांचं तेलही असंच द्रवरूप मेण असतं.

माझी गाडी १९७२ची. पहिल्यांदा पॅन उतरवला तेव्हा हातावर ओघळलेलं तेल कोणत्या वर्षी भरलेलं होतं, कुणास ठाऊक. बायको ‘साबणानं हात धुवा आधी’ म्हणाली. मी नळाखाली हात धरून बराच वेळ उभा होतो.

मे महिना होता. मिशिगनमध्ये सिमेंटवर पाठ टेकवून झोपायचं काम मेच्या आधी करू नये. गाडी चढावावर चढवून चाकांना ओंडके लावले. या पॅनला तेल काढायचं बूच नाही. तेव्हाच्या बहुतेक अमेरिकन स्वयंचलित गाड्यांना नव्हतं. त्यामुळे सगळे बोल्ट एकदम काढायचे नाहीत, काढले तर तेलाची आंघोळ ठरलेली. एका बाजूचे पूर्ण काढायचे, समोरच्या बाजूचे दोनतीन आटे ठेवून ढिले करायचे, आणि पॅनच्या कडेला रबरी हातोडीनं टकटक करायची. जुनं बुचाचं पॅकिंग चिकटलेलं असतं. पॅन एका अंगानं हळूच कलतो आणि कापलेल्या कोपऱ्यावरून लाल धार ताटात पडते. तीनेक लिटर पडतं. तेवढंच. बाकीचं इंजिन आणि गिअर यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, ते सगळं काढता येत नाही.

पॅन उतरला की आधी तळ बघायचा, असं शेजाऱ्यांनी शिकवलं. तळाशी बारीक करडा गाळ असतो, चकत्यांची झीज. तो असायचाच. पितळेचे चमकणारे कण दिसले तर गाडी दवाखान्यात. तेलाला जळका वास आला तरी तेच. माझ्या पॅनमध्ये करडा गाळ होता, वास नव्हता. गळतीचं कारण पॅनच्या कडेवरच दिसलं. आधीच्या कुणीतरी, गळतंय म्हणून, बोल्ट आणखी आवळले होते. पत्रा प्रत्येक भोकाशी वर फुगला होता आणि दोन भोकांच्या मधे बुचाला दाबच उरला नव्हता. वडील असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. मी लाकडाच्या ठोकळ्यावर पॅन पालथा घालून एकेक भोक हातोडीच्या बोडक्या अंगानं बसवत गेलो. त्या ठोक्यांचा आवाज मला लहानपणापासून पाठ होता.

मग नवं पॅकिंग पुठ्ठ्यातून काढलं. ते आखूड होतं. एका अंगाची भोकं जुळवली की दुसऱ्या अंगाची अर्ध्या बोटानं चुकायची. चुकीच्या गाडीचं आणलं असं वाटून मी ते परत करायला निघालो, तर शेजारी म्हणाले, ‘वाळलंय. पाण्यात घाल.’ घरात त्या मापाचं एकच भांडं होतं, पुण्याहून आणलेली कणकेची स्टीलची परात. कोमट पाण्यात अर्धा तास ते पडून राहिलं आणि भोकावर भोक येऊन बसलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं नवी परात मागवायला आईला पत्र लिहिलं. त्याच एरोग्रामच्या उरलेल्या जागेत मी वडिलांना ही हकीगत कळवली. तीन आठवड्यांनी त्यांचं उत्तर आलं. ‘चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. बुचाचे पॅकिंग उन्हाळ्यात आम्हीसुद्धा रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवतो. तुझ्या गुरुजींना माझा नमस्कार सांग. शेलॅक लावलेस का?’

शेलॅक लावलं नव्हतं. दापोडीत पॅकिंगच्या दोन्ही अंगांना ते लावत, इथे शेजाऱ्यांनी हात धरला. त्याचा सुटलेला कण व्हॉल्व बॉडीच्या वाटेत अडकला तर गिअर बदलायचा थांबेल. बोल्ट आवळायचे तेही सावकाश, समोरासमोरचे, दोनतीन फेऱ्यांत, बारा फूट-पौंडांपर्यंत. म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला साडेपाच किलोंचा जोर. बुचाचं पॅकिंग जोरानं आवळलं तर फाटतं. या गोष्टीला पुस्तक लागत नाही, मनगटाला कळतं, पण मी सुरुवातीला मोजणारा पाना आणला होता. मग वरून डिपस्टिकच्या नळीनं नवं तेल, इंजिन सुरू, ब्रेकवर पाय ठेवून गिअरची दांडी सगळ्या खुणांवरून एकदा फिरवायची, आणि इंजिन चालू असतानाच पातळी बघायची. सिमेंटवर सांडलेल्या तेलावर शेजाऱ्यांनी मांजराच्या पेटीतली मातीची बारीक खडी पसरली. ही मांजराची माती म्हणजे याच मिशिगनमधल्या कॅसोपोलिसच्या एड लो याचा धंदा. त्याच्या घरचा व्यवसाय कारखान्यांना सांडलेलं तेल टिपायची माती पुरवण्याचा होता. १९४७ साली एका शेजारणीला त्यानं मांजरासाठी तीच दिली. मांजरामुळे ती घराघरांत गेली आणि तिथून परत गाडीखाली आली.

बूच का, याचं उत्तर मला पोर्तुगालमध्ये मिळालं. २००६ साली आम्ही दोघं अलेंतेजोच्या टेकड्यांमधून गेलो. तिथला बुचाचा ओक बुटका, पसरट, सावलीला आपल्या आंब्यासारखा. जगातलं निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी. कुऱ्हाडीनं, आतल्या जिवंत थराला धक्का न लावता. सोललेलं खोड आधी लालसर दिसतं, मग काळवंडतं. रॉबर्ट हूकनं १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहिला आणि त्यातल्या बंद खोल्यांना पेशी हे नाव दिलं. त्या खोल्यांत हवा असते. म्हणून बूच दाबलं की दबतं, पण रबरासारखं कडेला पसरत नाही. पॅन आणि बीड यांच्या मधे दोन्हीकडचे खड्डे भरायला हेच हवं असतं. १८९०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बुचाचा चुरा तापवून त्याचे सलग पत्रे करता येतात हे कळलं, पुढे सांधे बंद करायलाही बुचाचे पत्रे वापरू लागले. दुसऱ्या महायुद्धात आयात अडली तेव्हा बूच जपून वापरायचे सरकारी हुकूम निघाले आणि अमेरिकेतच बुचाचे ओक लावायची मोहीम चालली. मोटारी, विमानं, सगळ्यांना पॅकिंग लागत होतं.

अलेंतेजोतल्या प्रत्येक खोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा होता. कुठे ६, कुठे २, कुठे ९. ज्या वर्षी साल काढली त्या वर्षाचा शेवटचा आकडा. सहा लिहिलेलं झाड पुढच्या वेळी २०१५ साली. आज सोलणारा नऊ वर्षांनी नसेल, तर दुसऱ्या कुणाला कळावं म्हणून. मी एका झाडाखाली बराच वेळ थांबलो. बायकोनं विचारलं, ‘अहो, काय झालं?’ मी तिला म्हटलं, बाबांना हे झाड दाखवायला हवं होतं. ते १९८८ साली गेले होते.

बुचाचं पॅकिंगही आता मागे पडलं आहे. बुचात रबर मिसळलेली आली, मग पोलादी गाभ्याची रबरी आली, ती पुनःपुन्हा वापरता येतात आणि खरोखरच चांगली आहेत. मी इतरांच्या गाड्यांना तीच घालतो. दुःख दुसऱ्या गोष्टीचं आहे. गेल्या वीसपंचवीस वर्षांत बहुतेक नव्या गाड्यांमधून डिपस्टिकच गेली. तेल जन्मभराचं आहे, बघायची गरज नाही, असं माहितीपुस्तकात लिहितात. पातळी बघायची तर गाडी सपाट उचलून, तेलाचं तापमान यंत्रानं मोजून, ठरावीक अंशावर बाजूचं बूच काढावं लागतं. मुलाच्या गाडीचं करायला गेलो आणि खाली झोपून नुसता बघत राहिलो. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली लोकांनी दुरुस्तीच्या हक्कासाठी प्रचंड बहुमतानं मत दिलं. गाडीची माहिती मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला मिळाली पाहिजे, असा तो कायदा. मी मिशिगनचा, मला तिथे मत नव्हतं, पण निकाल लागला त्या रात्री मी शेजाऱ्यांच्या रिकाम्या अंगणाकडे तोंड करून मनात नमस्कार केला.

नोव्हा अजून आहे. तिला बुचाचंच पॅकिंग घालतो. पोर्तुगालहून आल्यावर मी पॅनच्या बाहेरच्या अंगाला, कापलेल्या कोपऱ्याजवळ, बारीक ब्रशनं मागच्या खेपा लिहून टाकल्या, आठवतील तशा : ७९, ८४, ८९, ९५, ०२. मराठी आकड्यांत. त्यापुढच्या ज्या त्या वर्षी लिहिल्या. या मेमध्ये पुन्हा चेंबर उतरवलं. हल्ली खाली जायला मला वेळ लागतो, म्हणून माझी नात गाडीखाली होती आणि मी बाहेरून पाने देत होतो. पॅकिंग परातीत भिजत होतं. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तळावरून बोट फिरवत तिनं विचारलं, ‘आजोबा, हे काय लिहिलंय?’ मी तिला एकेक आकडा वाचून दाखवला, आणि शेवटचा तिच्याकडूनच लिहून घेतला.